वरच्या मजल्याचा ताबा

४ जानेवारी, सकाळी साडेसहा
चहा घेता घेता हिशेब केला. बावीस वर्षांपूर्वी हा फ्लॅट घेतला तेव्हा पैसे मोजले नऊशे वीस चौरस फुटांचे. आज टेप लावून स्वतः मोजला. पायाखाली येतात सहाशे चार. म्हणजे सतरंजी अंथरता येईल असा कार्पेट एरिया सहाशे चार, आणि बाकीचे तीनशे सोळा 'सुपर बिल्ट-अप'. त्यात काय काय आलं? जिन्यातला हिस्सा. लिफ्टच्या मशीनखोलीतला हिस्सा (मी तळमजल्यावर राहतो, लिफ्टचं बटणसुद्धा कधी दाबलेलं नाही). वॉचमनच्या केबिनमधला हिस्सा. आणि बागेतला हिस्सा. बाग म्हणजे गेटजवळची कुंडी. फ्लॅट चाळीस. माझ्या वाटणीला अडीच पानं येतात, तीही पिवळी.

म्हणजे जिथे पाय ठेवता येत नाही अशा जागेसाठी बावीस वर्षं मेंटेनन्स भरला. आणि भरणारा कोण? टाइल्सचा व्यापारी. जगाला चौरस फुटाचं गणित शिकवणारा.

निर्णय: स्वतःच्या प्लॉटवर स्वतःचं घर. खाली मी. वर चिरंजीव, सूनबाई आणि नात. चिरंजीवाला अजून बोललेलो नाही. सरप्राइज.

ता. क. मोजताना लक्षात आलं की सहाशे चारपैकी मी वापरतो जेमतेम दीडशे. पण तो मुद्दा वेगळा.

९ जानेवारी
संकल्प: रोज बांधकामाचा एक शब्द पक्का करायचा. टाइलबद्दल मला कोणी शिकवू नये. खांद्यावरून पेट्या वाहून दुकान उभं केलंय. टाइलवर किल्लीने टकटक केलं की ती नीट चिकटलीय की खाली पोकळ आहे, हे मी शेजारच्या खोलीत बसून सांगतो. चाळीस वर्षांत कान चुकलेला नाही. पण टाइल येते सगळ्यात शेवटी. तोवर कॉन्ट्रॅक्टर इंग्रजीत काय काय बोलून मोकळा होतो.

आजचा शब्द: सेटबॅक. हद्दीपासून भिंतीपर्यंत मोकळी सोडायची जागा. हवा खेळती राहते, शेजाऱ्याशी तंटा होत नाही. चांगली पद्धत आहे. चिरंजीवाशी मी तीच पाळतो. तो सहा तासांवरच्या शहरात. आठवड्याला एक फोन, तीन मिनिटं. आजवर एकदाही भांडण नाही.

१० जानेवारी
आजचा शब्द राहिला. दुकानात गर्दी होती. (दोन गिऱ्हाइकं.)

१५ जानेवारी, रविवार
चिरंजीवाला फोन. सरप्राइज पोटात राहिलं नाही, घराचं सांगून टाकलं. तो म्हणाला, बघू बाबा.

म्हणजे होच. मीही जन्मभर सगळ्यांना बघू म्हणत आलो, आणि सगळं झालंच. (करायची ही. पण झालं ना.)

फोनही तीच लावायची. अर्धा तास बोलायची आणि शेवटी, घे, तुझे बाबा, म्हणून माझ्या हातात द्यायची. मी विचारायचो, सगळं ठीक? तो म्हणायचा, ठीक. ती जाऊन चार वर्षं झाली आता. बोलायला काय लागतं हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. आज मात्र पाच मिनिटं झाली. मोजली.

२ फेब्रुवारी
आर्किटेक्टबाई येऊन गेल्या. वयाने लहान, पण पेन्सिल कानामागे लावतात, म्हणजे काम येत असणार. त्यांचा पहिलाच प्रश्न, राहणार किती जण? म्हटलं चार. पाहुणे धरून सहा. त्यांनी विचारलं, आत्ता किती? म्हटलं, बाई, घर काय आत्तासाठी बांधतात? हे वाक्य मला इतकं आवडलं की दुकानात दोघांना ऐकवलं. त्यातला एक टाइल न घेताच गेला.

त्यांची सूचना अशी की सध्या एकच मजला बांधा. कॉलमच्या सळया गच्चीवर फूटभर सोडून ठेवू, मुलगा आला की वर मजला चढवू. साफ नाही म्हणालो. तसली घरं मी गल्लोगल्ली पाहतो. मुलं परगावी, सळया गंजलेल्या आणि त्यांच्यावर कपडे वाळत घातलेले. आपलं तसं नाही. दोन्ही मजले आत्ताच. रंग वाळायच्या आत वरचा मजला माणसांनी भरलेला असेल. तारीख घालून लिहून ठेवतो.

१८ मार्च
जोतं झालं. मिस्त्री जुना माणूस. मी पेट्या वाहायचो तेव्हा तो विटा वाहायचा. आता मला शेठ म्हणतो, पण म्हणताना हसतो.

जिन्यावरून आमची जुंपली. त्याचं म्हणणं, जिना बाहेरून काढा. बाहेरून जिना असला की सासरा आणि सून आयुष्यभर एकमेकांशी गोड बोलतात. आतून काढाल तर वरच्यांना तुम्ही दिवसातून दहा वेळा दिसाल, आणि शेठ, तुम्ही दिसायला तसे काही खास नाही.

मी म्हटलं, जिना आतूनच. नात संध्याकाळी धावत खाली यायला हवी.

नंतर वाटलं, मिस्त्रीसमोर हे बोलायला नको होतं. म्हणून वर सांगून टाकलं की आतला जिना ऊन-वाऱ्यात जास्त टिकतो. तो म्हणाला, हां, ते तर आहेच.

२९ मार्च, बुधवार
चिरंजीवाचा फोन! आपणहून! बुधवारी! विचारत होता, कार्पेट आणि बिल्ट-अपमध्ये नेमका फरक काय. चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. भिंतीची जाडी, बाल्कनी, सामाईक जागेचं लोडिंग, अडीच पानं, सगळं. तो मनापासून हसला. त्याचं हसणं त्याच्या आईसारखं आहे, हे मी विसरलो होतो.

म्हणाला, एक मित्र फ्लॅट घेतोय, त्याच्यासाठी विचारतोय. मी हो हो म्हटलं. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलोय. मित्रासाठी म्हणून भाव विचारणारा स्वतःसाठीच विचारत असतो. पोरगं आपल्या घराचा अभ्यास करतंय, उघड बोलायला लाजतंय. आपण ओळखलं हे दाखवायचं नाही.

१२ एप्रिल
पुन्हा फोन. प्रश्न: माणसं तीन असतील तर दोन बेडरूम पुरतात की तीन हव्यात? पोरगं वरच्या मजल्याचा नकाशा ठरवतंय! मी मन मोठं करून सांगितलं, दोन भरपूर. तिसरी खोली म्हणजे वर्षभर पलंगावर धूळ. पाहुणा येऊन येऊन येणार किती दिवस? तो म्हणाला, तरी पण बाबा, कोणी राहायला आलं तर? म्हटलं, सोफा आहे ना. व्यवहार आधी.

तो म्हणाला, ठीक आहे, तुम्ही म्हणताय तर.

लगेच आर्किटेक्टबाईंना कळवलं. वर दोनच बेडरूम. माझी खोली खाली आहेच.

२१ मे
आजचा प्रश्न ऑक्युपन्सी सर्टिफिकेटचा. म्हटलं, ते म्हणजे या जागेत माणूस राहू शकतो असा कागद. तो हातात पडेपर्यंत किल्ली घ्यायची नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी. एक तास बारा मिनिटं. आता तो आठवड्यातून दोनदा फोन करतो. रविवारचा तीन मिनिटांचा फोन बंद पडलाय, गरजच उरली नाही.

रोज एक शब्दाचा संकल्प सुटला. पण आता मी विद्यार्थी नाहीच, मास्तर आहे.

६ जून
वरचा स्लॅब टाकून झाला. सकाळी सातपासून मिक्सर चालू. स्लॅब एका दमात टाकावा लागतो, मध्ये थांबलं की सांधा राहतो आणि तिथून पुढे जन्मभर गळतं. मिस्त्रीने मला तीनदा बाजूला केलं. चौथ्यांदा म्हणाला, शेठ, दुकानात आग लागलीय म्हणे, बघून या. जाऊन बघितलं. लागली नव्हती.

१४ जून
क्युरिंग. माझी समजूत होती की स्लॅब वाळवायचा असतो. उलट आहे. ओला ठेवायचा असतो, एकवीस दिवस. जितकं पाणी, तितका घट्ट. म्हटलं, मिस्त्री, चाळीस वर्षांत हे कधी सांगितलं नाहीस. म्हणाला, चाळीस वर्षांत तुम्ही टाइलशिवाय काही विचारलंत का?

पाणी मारायला माणूस ठेवा म्हणतात. कशाला? मीच जातो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. नळी धरून तासभर. वरच्या मजल्यावर उभं राहिलं की आजूबाजूच्या घरांच्या खिडक्या दिसतात. ताटं-वाट्यांचे आवाज येतात. समोरच्या घरात पाच माणसं जेवायला बसतात. एकाला रोज उशीर होतो आणि रोज बोलणी बसतात. कान चांगले असले की फुकटची करमणूक.

२ जुलै
मिस्त्री म्हणाला, शेठ, आज सव्विसावा दिवस. एकवीसला झालं ते. आता काय मासे सोडायचेत?
म्हटलं, अंगवळणी पडलं.

११ ऑगस्ट
वरच्या बाथरूममध्ये कमोड बसवला. नातीसाठी बेसिन अर्धा फूट खाली घेतलं. प्लंबर म्हणाला, मुलगी दोन वर्षांत वाढेल. म्हटलं, तेव्हा वर घेऊ, आपण इथेच आहोत.

नात नेमकी केवढी झालीय, आठवेना. फोनवर विचारलं तर सूनबाई म्हणाल्या, तुमच्या छातीपर्यंत येईल, बाबा.
बेसिन पुन्हा वर घेतलं. प्लंबर नुसता शिट्टी वाजवत होता.

८ ऑक्टोबर, रविवार
आजचा दिवस सोन्याचा.

चिरंजीवाचा फोन, जरा घाईत. मित्राच्या फ्लॅटचा ताबा आहे, बिल्डरचा माणूस सह्या करा म्हणून मागे लागलाय, आधी काय काय बघायचं? म्हणजे मित्र खरंच आहे! माझा अंदाज चुकला. असो. मित्राच्या फ्लॅटवर हात साफ करतोय, म्हणजे इकडे येऊन दुकानही बघेल.

म्हटलं, सही करू नकोस. आधी स्नॅग लिस्ट, म्हणजे उरल्यासुरल्या दोषांची यादी. फोन स्पीकरवर लाव, जमिनीवर ठेव आणि किल्लीने एकेका टाइलवर वाजव. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, डोळे मिटले, फोन कानाला लावला. टक. टक. टक. टोक. थांब! कितवी? खिडकीकडून तिसरी रांग, चौथी. पोकळ. खूण कर. पुढे. त्या एका खोलीत पाच निघाल्या. आवाज कसा फिरतोय त्यावरून खोली ओळखली, दहा बाय अकरा. त्याने टेप लावला. दहा बाय अकरा आणि दोन इंच. म्हणाला, बाबा, तुम्ही कमाल आहात.

हे त्याने याआधी कधी म्हटलं होतं, आठवत नाही.

मध्येच नातीचा आवाज आला. माझा पलंग इथे, खिडकीपाशी, आणि कपाट तिकडे. लहान मुलांना कुठलीही रिकामी खोली आपलीच वाटते. मग सूनबाईंचा दबका आवाज, हळू, आजोबा ऐकतायत. सूनबाईंची समज मोठी. वडीलधारं माणूस कामात आहे, तर पोरीला गप्प बसवलं.

एकूण चौदा दोष काढले. बिल्डरचा माणूस फोनवर आला, म्हणाला, एवढं चालतंच काका. त्याला पंचवीस मिनिटं चालवला. शेवटी चौदाच्या चौदा दुरुस्त करून देण्याचं लेखी दिलं. मित्र नशीबवान. असा बाप सगळ्यांना मिळत नाही.

९ ऑक्टोबर
साइटवर मिस्त्रीला कालची सगळी कथा सांगितली, टकटक आवाजासकट. तो थापी धुवत होता. ऐकून घेतलं. मग म्हणाला, शेठ, मित्राचा फ्लॅट बघायला सून आणि नात कशाला गेल्या?

अडाणी माणूस. शहरातल्या मैत्र्या कशा असतात, त्याला काय ठाऊक?

१० ऑक्टोबर
दुकान उघडलं नाही. जरा कणकण.

११ ऑक्टोबर
कणकण नव्हती.

२ नोव्हेंबर
रंग पूर्ण. वरच्या मजल्याला फिकट पिवळा, सूनबाईंना आवडतो असं हिच्या तोंडून एकदा ऐकलं होतं. आपला ऑक्युपन्सीचा कागदही आला. चौदा दोष शोधायला सगळं घर वाजवत फिरलो. एकही टाइल पोकळ नाही. मिस्त्रीला तसं सांगितलं. म्हणाला, मी लावल्यात, निघतील कशा? मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, तुम्ही त्याला सरळ विचारून का नाही टाकत?

म्हटलं, काय विचारायचं? ठरलेलं आहे.

१९ नोव्हेंबर, रविवार
चिरंजीव आला. एकटाच. सकाळच्या बसने आला, संध्याकाळच्या बसने गेला. भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ आणलं.

घर दाखवलं. दारांवरच्या लिंटेलची उंची, गिलाव्याची जाडी, आतला जिना. तो सगळीकडे हात लावून बघत होता. वर गेल्यावर मधल्या खोलीत थांबला. रिकाम्या खोलीत आवाज फिरतो, त्यामुळे तो हळू बोलत होता तरी सगळं स्पष्ट ऐकू आलं.

फ्लॅट त्याचाच. दोन बेडरूम, एक त्यांची, एक नातीची. ताबा घेतला, पुढच्या आठवड्यात सामान हलवतायत. नातीची शाळा समोरच आहे, सूनबाईंचं ऑफिस दोन स्टॉपवर. म्हणाला, मी पहिल्या दिवसापासून बघू बघू म्हणत होतो बाबा, आणि तुम्ही भिंती चढवत होतात. प्रत्येक फोनला ठरवायचो की आज सांगायचंच. पण काहीतरी विचारलं की तुम्ही असे खुलायचात. इतकं तुम्ही माझ्याशी जन्मात बोलला नव्हतात. सांगितलं तर ते बंद पडेल असं वाटलं.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, त्या चौदा गोष्टी दुरुस्त करून दिल्या का त्यांनी? म्हणाला, चौदाच्या चौदा. म्हटलं, लेखी घेतलं म्हणून.

मग म्हणाला, तुम्ही राहायला या. हॉलमधला सोफा उघडतो. मी माप विचारलं. सहा फूट बाय चार. मी पाच फूट सात इंच. बसतो.

बसस्टँडवर सोडायला गेलो. बस सुटेपर्यंत तो खिडकीतून काही विचारत होता, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. हो म्हटलं.

२६ नोव्हेंबर, रविवार
फोन आला. सगळं ठीक? ठीक. गिझर कुठला घ्यावा विचारलं. मी सांगितला. त्याला ते आधीच ठाऊक असावं असं वाटलं. तरी त्याने सगळं ऐकून घेतलं. अकरा मिनिटं.

३ डिसेंबर
नव्या घरात राहायला आलो. सामान एका टेंपोत बसलं, टेंपो अर्धा रिकामा. ड्रायव्हरने विचारलं, दुसरी फेरी कधी? म्हटलं, बघू.

११ डिसेंबर
घरपट्टीचे साहेब मोजणीला आले. बारकाईने बघणारा माणूस, टेप स्वतःचा. मी कार्पेट आणि बिल्ट-अपवरून त्यांना दोन ठिकाणी धरलं, सत्तर फूट कमी करून घेतले. खूश झालो. चहा पाजला.

जाता जाता म्हणाले, वरच्या मजल्यावर कोणी राहत नसेल तर त्या भागाची पट्टी निम्मी होते. रिकाम्या जागेची सवलत. मात्र मालकाने लेखी द्यावं लागतं की वर कोणी राहत नाही आणि येत्या वर्षात राहायला येणारही नाही. खोटं निघालं तर दंड.

अर्ज ठेवून गेले. सवलत सोडणारा माणूस मी नव्हे. पण अर्ज टेबलावर तसाच आहे.

१४ डिसेंबर
तसाच.

१९ डिसेंबर
शेवटची तारीख उद्याची. मिस्त्री कुंपणाच्या कामाला आला होता, त्याला साक्षीदार म्हणून सही करायला बसवलं. त्याने अर्ज अक्षर लावून लावून वाचला. विचारलं, शेठ, नक्की? म्हटलं, निम्मी पट्टी आहे रे. त्याने सही केली आणि चहा न घेताच उठला.

२७ डिसेंबर
सवलत मंजूर झाली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची संख्या: शून्य.